एआय एजंटसाठी टूलचे वर्णन कसे लिहावे

मोठी भाषिक मॉडेल्स मजकूर लिहितात. त्यापलीकडे ती स्वतः काहीही करीत नाहीत. ‘एजंटने ईमेल पाठवला’ किंवा ‘एजंटने डेटाबेसमधून नोंद काढली’ असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात घडते ते असे : मॉडेलला वापरता येतील अशा टूल्सची, म्हणजे नेमून दिलेले एकेक काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची, यादी त्याला आधीच दिलेली असते, त्यांतले एक टूल निवडून मॉडेल त्याचे नाव आणि त्याला पुरवायची मूल्ये एका ठरावीक साच्यात, बहुतेक वेळा जेसन या स्वरूपात, लिहून देते, तो मजकूर वाचून मॉडेलच्या बाहेरचा एक साधा प्रोग्राम खरे काम करतो आणि मिळालेला निकाल पुन्हा मजकूर म्हणूनच मॉडेलपुढे ठेवतो. तो वाचून मॉडेल पुढचे पाऊल ठरवते, आणि काम पूर्ण होईपर्यंत हे चक्र चालू राहते. असे चक्र चालवणाऱ्या मॉडेललाच एजंट म्हणतात.

ही पद्धत फार जुनी नाही. विचार आणि कृती आलटून पालटून करणाऱ्या मॉडेलची कल्पना ‘रिअ‍ॅक्ट’ या शोधनिबंधाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मांडली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मेटाच्या संशोधकांनी ‘टूलफॉर्मर’मधून, कॅल्क्युलेटर किंवा शोधयंत्र केव्हा वापरावे हे मॉडेलला शिकवता येते असे दाखवले. जून २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या एपीआयमध्ये (एका प्रोग्रामने दुसऱ्याची सेवा वापरण्याच्या जोडणीत) ‘फंक्शन कॉलिंग’ची, म्हणजे मॉडेलने टूल मागवण्याची, सोय आणली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ म्हणजे एमसीपी हा खुला मापदंड जाहीर केला, ज्यामुळे एकाने तयार केलेले टूल दुसऱ्या कोणाच्याही एजंटला जोडणे सोपे झाले. आज वापरात असलेल्या बहुतेक सगळ्या व्यवस्थांमध्ये टूलची ओळख तीन गोष्टींनी करून दिली जाते : टूलचे नाव, त्याचे साध्या भाषेतले वर्णन आणि त्याला लागणाऱ्या पॅरामीटर्सचा, म्हणजे पुरवायच्या मूल्यांचा, आराखडा, जो सहसा ‘जेसन स्कीमा’ या पद्धतीने लिहिलेला असतो.

त्या टूलबद्दल मॉडेलला जे कळते ते एवढ्यावरूनच. टूलच्या आतला कोड त्याला दिसत नाही, ते तयार करताना झालेल्या चर्चा त्याने ऐकलेल्या नसतात, शंका आली तर लेखकाला गाठून विचारण्याची सोय त्याच्याकडे नसते, आणि वर्णन वाचल्यावर त्याला तिथल्या तिथे कृती करायची असते. म्हणूनच माझे ठाम मत आहे की टूलचे वर्णन हे कोड लिहून झाल्यावर उरलेल्या वेळात जोडायचे टिपण नव्हे. ते त्या प्रोग्रामचाच एक भाग आहे, कारण त्यातला एक शब्द बदलला तर एजंटचे वागणे बदलते.

तुटक वर्णनाने काय बिघडते

ग्राहकांच्या शंकांना उत्तरे देणारा एक एजंट आहे असे समजू. त्याला दिलेल्या एका टूलचे नाव आहे ‘ऑर्डर_शोधा’, वर्णन आहे ‘ऑर्डर शोधते’, आणि त्याला ‘क्वेरी’ नावाचा एकच पॅरामीटर आहे, ज्याचा प्रकार मजकूर असा दिलेला आहे. (प्रत्यक्षात अशी नावे रोमन लिपीत ठेवली जातात, येथे वाचनाच्या सोयीसाठी ती देवनागरीत लिहिली आहेत.) ज्याने हे टूल लिहिले त्याला हे वर्णन पुरेसे वाटते, कारण क्वेरीत ऑर्डरचा क्रमांकच द्यायचा असतो हे त्याला इतके परिचयाचे झालेले असते की ते सांगण्याची गरज आहे असे त्याच्या मनातही येत नाही.

आता ग्राहक विचारतो, ‘माझी गेल्या महिन्यातली ऑर्डर कुठवर आली?’ मॉडेलला क्वेरीत काय लिहायचे ते माहीत नाही, पण काहीतरी लिहायचे आहे हे माहीत आहे. ते ‘गेल्या महिन्यातली ऑर्डर’ असा मजकूर भरून टूल चालवते. टूल हा मजकूर ऑर्डर-क्रमांकांशी जुळवून पाहते, काहीच जुळत नाही, आणि रिकामी यादी परत येते. ती पाहून एजंट ग्राहकाला शांतपणे सांगतो की आपल्या नावावर कोणतीही ऑर्डर नाही. या सगळ्या प्रवासात कुठेही त्रुटी नोंदली गेली नाही आणि प्रोग्राम बंद पडला नाही. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामने ठेवलेल्या नोंदींमध्ये, प्रत्येक पायरी यशस्वी दिसते. तुटक वर्णनाचे खरे नुकसान असे निमूटपणे होते आणि म्हणूनच ते सापडायला कठीण जाते.

याच कामासाठीचे टूल आता नीट आखून त्याचे वर्णन असे लिहिता येईल :

‘एका ग्राहकाच्या ऑर्डर्सची यादी काढते. ग्राहक-क्रमांक देणे आवश्यक आहे. तो माहीत नसेल तर आधी “ग्राहक_शोधा” हे टूल ईमेल पत्ता देऊन वापरावे. सुरुवातीची आणि शेवटची तारीख दिल्यास त्या काळात नोंदवलेल्या ऑर्डर्स मिळतात. तारखा न दिल्यास मागील ९० दिवसांतल्या मिळतात. सर्वांत नवी ऑर्डर आधी येते आणि एका वेळी जास्तीत जास्त २० ऑर्डर्स येतात. प्रत्येक ऑर्डरचा क्रमांक, नोंदणीची तारीख, स्थिती आणि वस्तूंची नावे मिळतात. पैसे भरल्याचा तपशील मिळत नाही; त्यासाठी “देयक_पाहा” वापरावे. यादी रिकामी आल्यास त्या काळात ऑर्डर नव्हती एवढाच अर्थ घ्यावा. हे टूल कोणतीही नोंद बदलत नाही.’

या वर्णनात कुठेही भाषेची करामत नाही, पण प्रत्येक वाक्य मॉडेलला घ्याव्या लागणाऱ्या एखाद्या निर्णयाला उत्तर देते. ग्राहक-क्रमांक कुठून मिळवायचा हे सांगितल्यामुळे मॉडेल तो मनाने रचत नाही. ९० दिवसांची मर्यादा सांगितल्यामुळे, ग्राहक सहा महिन्यांपूर्वीच्या ऑर्डरबद्दल विचारू लागला तर तारखा द्याव्या लागतील हे त्याला कळते. पैशांचा तपशील येत नाही हे सांगितल्यामुळे, तो मिळेल या आशेने हेच टूल पुन्हा पुन्हा चालवले जात नाही. रिकाम्या यादीचा अर्थ सांगणारे वाक्य मला यात सर्वांत मोलाचे वाटते, कारण ‘सापडले नाही’ आणि ‘अस्तित्वात नाही’ यांतला फरक टूल लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतो. तो सांगितला नाही तर मॉडेल सहसा दुसरा अर्थ गृहीत धरते आणि तोच ग्राहकाला ठासून सांगते.

असे वर्णन लिहिताना आणखी एक गोष्ट उघड होते. अनेकदा लेखकालाच या प्रश्नांची उत्तरे माहीत नसतात. बंद झालेल्या ऑर्डर्स यादीत येतात का, एकाच दिवशी दोन ऑर्डर्स असल्या तर कोणती आधी येते, २० पेक्षा जास्त असल्या तर उरलेल्यांचे काय होते, हे पाहण्यासाठी त्याला कोड पुन्हा उघडावा लागतो. हा वेळ वाया गेला असे मानू नये. वर्णन लिहिण्यातले अर्धे काम हेच आहे.

शेजारच्या टूलची सीमा

एखादे टूल एकटे असते तेव्हा त्याचे वर्णन लिहिणे तुलनेने सोपे असते. अडचण येते ती शेजारी दुसरे टूल आल्यावर, कारण मॉडेल वर्णने एकेकटी वाचून बाजूला ठेवत नाही. सगळी एकत्र त्याच्यापुढे असतात आणि त्यांतून त्याला निवड करायची असते. ‘दस्तऐवज_शोधा’ आणि ‘माहिती_शोधा’ अशी दोन टूल्स असतील, आणि एकाचे वर्णन ‘दस्तऐवजांमध्ये शोध घेते’ व दुसऱ्याचे ‘उपलब्ध माहितीत शोध घेते’ असे असेल, तर दोन्ही वाक्ये आपापल्या जागी खरी असूनही निवडीच्या कामी निरुपयोगी आहेत. मॉडेल कधी हे तर कधी ते उचलेल, आणि सारख्याच प्रश्नाला दोन दिवशी दोन वेगळी उत्तरे मिळतील.

म्हणून चांगल्या वर्णनात हे टूल कशासाठी आहे याच्या बरोबरीने ते कशासाठी नाही हेही सांगावे लागते, आणि तसे सांगताना त्या दुसऱ्या कामासाठी कोणते टूल घ्यावे त्याचे नावही द्यावे लागते. ‘कर्मचाऱ्यांच्या रजेबाबतच्या लेखी नियमांत शोध घेते, विशिष्ट कर्मचाऱ्याची शिल्लक रजा पाहण्यासाठी “रजा_शिल्लक” वापरावे’ या वाक्यात सीमा दोन्ही बाजूंनी आखलेली आहे. मॉडेलच्या चुकांमधल्या मोठ्या भागाचे मूळ अशा न आखलेल्या सीमांमध्ये असते असे मला वाटते, आणि तरीही लिहिणारे लोक आपापल्या टूलचे गुण सांगण्यात गुंतलेले असल्यामुळे नेमके हेच वाक्य सर्वांत आधी गळते.

वर्णने तपासताना एक सोपी पद्धत उपयोगी पडते. एजंटला दिलेल्या सगळ्या टूल्सची नावे आणि वर्णने एका पानावर एकाखाली एक ठेवून एका बैठकीत वाचावीत, आणि जिथे दोन टूल्स जवळची वाटतात तिथे त्यांतला फरक एका वाक्यात सांगून पाहावा. सांगता आला तर ते वाक्य दोन्ही वर्णनांत घालावे. सांगता आला नाही, तर दोष वर्णनाचा नसून टूल्सच्या विभागणीचा आहे असे समजावे आणि ती दोन टूल्स एक करण्याचा विचार करावा. ओपनएआयच्या मार्गदर्शनात एका वेळी २० पेक्षा कमी फंक्शन्स, म्हणजे टूल्स, ठेवावीत असे सुचवले आहे. तो काटेकोर नियम नाही, पण टूल्स वाढली की निवड अवघड होते ही गोष्ट त्यातून स्पष्ट होते.

नावांच्या बाबतीतही हेच लागू आहे. एमसीपीमुळे वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली टूल्स एकाच एजंटमध्ये एकत्र येतात, आणि त्यांतल्या तिघांचे नाव नुसते ‘शोधा’ असेल तर गोंधळ ठरलेला आहे. सेवेचे नाव आधी जोडले, जसे ‘कॅलेंडर_शोधा’ किंवा ‘ईमेल_शोधा’, की बराचसा संभ्रम वर्णनापर्यंत पोहोचण्याआधीच मिटतो. परिचित नावांपासून मात्र सावध राहावे. प्रशिक्षणाच्या मजकुरात मॉडेलने फाइल्समध्ये मजकूर शोधणाऱ्या ‘ग्रेप’सारख्या प्रसिद्ध आज्ञांची असंख्य उदाहरणे पाहिलेली असतात, तुमच्या टूलला तेच नाव दिले आणि ते रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधायच्या मजकुराचा नमुना लिहिण्याची सांकेतिक पद्धत) स्वीकारत नसेल, तर वर्णनात काहीही लिहिले तरी जुनी सवय वर येण्याचा धोका राहतो. वागणे वेगळे असेल तर नावही वेगळे असणे बरे.

पॅरामीटर्स : जिथे अर्थ हरवतो

पॅरामीटर्सच्या आराखड्यात प्रत्येक मूल्याचा प्रकार लिहिलेला असतो : हा मजकूर, ही संख्या, हे खरे-खोटे. ऑगस्ट २०२४ मध्ये ओपनएआयने ‘स्ट्रक्चर्ड आउटपुट्स’ आणल्यापासून मॉडेलचे उत्तर आराखड्यात तंतोतंत बसेल याची हमीही मिळू लागली. पण आकार बरोबर असला म्हणून अर्थ बरोबर असतोच असे नाही. ‘रक्कम’ या पॅरामीटरला संख्या हवी एवढे आराखडा सांगतो. ती पूर्ण चलनात द्यायची की त्याच्या शंभराव्या भागात, हे तो सांगत नाही. पैशांच्या व्यवहाराचे अनेक एपीआय रक्कम सर्वांत लहान एककातच मागतात, आणि हे वर्णनात नसेल तर आराखड्यात अगदी व्यवस्थित बसणारी, परंतु शंभर पटींनी चुकलेली रक्कम पाठवली जाऊ शकते. वेळ सेकंदांत की मिलिसेकंदांत, अंतर किलोमीटरमध्ये की मैलांत, हे प्रश्नही याच जातीचे आहेत. एकक पॅरामीटरच्या नावातच घालणे हा यावर सर्वांत स्वस्त उपाय आहे. ‘कालावधी’ऐवजी ‘कालावधी_सेकंद’ असे नाव ठेवले की वर्णन विसरले गेले तरी नाव बोलत राहते.

तारखांचा त्रास तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. ०३/०४ म्हणजे कोणासाठी ३ एप्रिल, तर कोणासाठी ४ मार्च. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मापदंडाप्रमाणे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख मागावी आणि तसे शब्दांत लिहावे. त्यासोबत ती वेळ कोणत्या टाइम झोनमधली आहे, आणि शेवटची तारीख मोजणीत धरलेली आहे की नाही, हेही लिहावे. वापरकर्ता ‘पुढच्या सोमवारी’ असे म्हणतो तेव्हा त्याची नेमकी तारीख कोणी काढायची, मॉडेलने की टूलने, हेही स्पष्ट असले पाहिजे. मॉडेलने काढायची असेल तर आजची तारीख त्याला कुठून कळणार याची तजवीज आधी करावी लागते, कारण मॉडेलला स्वतःचे घड्याळ नसते.

मूल्ये ठरावीक असतील तर ती मोकळ्या मजकुराच्या भरवशावर सोडू नयेत. ‘स्थिती’ या पॅरामीटरला चारच मूल्ये चालत असतील तर आराखड्यात ती चार मूल्ये नोंदवावीत आणि वर्णनात प्रत्येकाचा अर्थ एकेका ओळीत द्यावा. ‘प्रलंबित’ आणि ‘थांबवलेली’ यांतला फरक कार्यालयातल्या माणसांना स्वच्छ कळत असला तरी मॉडेलला तो सांगितल्याशिवाय कळणार नाही. ऐच्छिक पॅरामीटर न दिल्यास काय होते, हेही नोंदवावे.

क्रमांकांबद्दल विशेष काळजी घ्यावी लागते. ‘ग्राहक_क्रमांक’ आवश्यक आहे असे नुसते म्हटले आणि तो संभाषणात कुठेच आलेला नसला, तर मॉडेल दिसायला खरा वाटेल असा क्रमांक रचून देऊ शकते. ‘हा क्रमांक फक्त “ग्राहक_शोधा”च्या निकालातून घ्यावा; मिळाला नाही तर वापरकर्त्याला विचारावे’ एवढे वाक्य जोडले तर ही चूक खूप कमी होते. नमुन्यादाखल एखादे मूल्य देणे स्वरूप समजण्यासाठी उपयोगी असते, परंतु दुसरे काही सुचले नाही की मॉडेल तो नमुनाच जसाच्या तसा उचलते, असेही घडते. त्यामुळे नमुना असा निवडावा की तो चुकून पाठवला गेला तरी टूल त्याला नाकारेल.

येथे एक प्रसिद्ध अनुभव सांगण्याजोगा आहे. अँथ्रॉपिकने डिसेंबर २०२४ मध्ये एजंट घडवण्याविषयी लिहिताना नमूद केले की सॉफ्टवेअरमधल्या अडचणी सोडवायला लावणाऱ्या ‘एसडब्ल्यूई-बेंच’ या चाचणीसाठी एजंट तयार करताना त्यांचा जास्त वेळ मुख्य प्रॉम्प्टपेक्षा, म्हणजे मॉडेलला द्यायच्या लेखी सूचनांपेक्षा, टूल्स सुधारण्यात गेला. त्यात एक अडचण अशी होती की एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर पडला की फाइलचा सापेक्ष, म्हणजे सध्याच्या फोल्डरपासून मोजलेला, पत्ता देताना मॉडेल चुकत असे. त्यांनी टूलच असे बदलले की त्याला नेहमी फाइलचा संपूर्ण पत्ता लागेल, आणि त्यानंतर ती चूक बंद झाली. वर्णनात ‘पत्ता देताना सध्याचा फोल्डर लक्षात घ्यावा’ असा इशारा लिहूनही त्यांना भागवता आले असते, पण तो इशारा प्रत्येक वेळी पाळला जाईल याची खात्री कोणी दिली असती? वर्णनात ‘काळजी घ्यावी’ असे लिहिण्याची वेळ आली, की ती काळजी घेण्याची गरजच उरणार नाही असे टूल बदलता येईल का, हा प्रश्न आधी विचारावा.

किती लिहावे

अँथ्रॉपिकच्या मार्गदर्शनात प्रत्येक टूलसाठी किमान तीन-चार वाक्ये लिहावीत असे सुचवले आहे, आणि अवघड टूलसाठी त्याहून अधिक. दुसरीकडे, ही वर्णने साधारणतः प्रत्येक विनंतीसोबत मॉडेलपुढे जातात, त्यांचे टोकन (मजकूर मोजण्याचे छोटे तुकडे) मोजले जातात, आणि संभाषणाला उपलब्ध असलेली जागा ती खातात. म्हणून काटछाट करावीच लागते. प्रश्न कशाची हा आहे. टूल कोणत्या डेटाबेसवर चालते, ते कोणत्या भाषेत लिहिले आहे, मागच्या आवृत्तीत काय होते, हे मॉडेलच्या कामाचे नाही. ‘शक्तिशाली’, ‘सर्वसमावेशक’, ‘अत्याधुनिक’ ही विशेषणे तर घातकच आहेत, कारण त्यांनी कोणतीही माहिती मिळत नाही, उलट ते टूल गरजेपेक्षा जास्त वेळा निवडले जाण्याची शक्यता वाढते.

मोठ्या, ठळक अक्षरांतल्या आज्ञांबद्दलही माझे मत असेच आहे. ‘नेहमी हेच टूल वापरावे’ असे ठणकावून लिहिले तर नवी मॉडेल्स ते अक्षरशः पाळतात, आणि साध्या नमस्कारालाही टूल चालवून मोकळी होतात. त्याऐवजी कारण सांगावे. ‘किमती दररोज बदलतात, म्हणून किमतीबद्दलचे उत्तर देण्यापूर्वी हे टूल वापरावे’ या वाक्यातून मॉडेलला नियमही कळतो आणि तो कुठवर लागू आहे तेही कळते.

निकाल आणि त्रुटी-संदेश

टूलचा निकाल आणि त्रुटी-संदेश हेही मॉडेलने वाचायचे मजकूर आहेत, म्हणून वर्णनाला लावलेली कसोटी त्यांनाही लावली पाहिजे. ‘त्रुटी ४००’ एवढेच परत आले तर मॉडेलला अंदाज करत बसावे लागते; ‘तारीख वर्ष-महिना-दिवस या स्वरूपात हवी, “३ एप्रिल” हे मूल्य मिळाले’ असे परत आले तर ते पुढच्याच प्रयत्नात स्वतःला सुधारते. एमसीपीच्या रचनेत यासाठी खास सोय आहे : टूल चालवताना आलेली त्रुटी निकालातच, ही त्रुटी आहे अशी खूण करून, परत द्यायची असते, जेणेकरून ती मॉडेलपर्यंत पोहोचेल. निकाल लांब असल्यामुळे कापला असेल तर तो कापला आहे आणि उरलेला भाग कसा मागवायचा, हे निकालाच्या शेवटी लिहिलेले असावे. नाहीतर मॉडेल पहिल्या २० नोंदींनाच संपूर्ण सत्य समजते आणि त्यांची बेरीज करून एकूण आकडा सांगते.

बदल घडवणारी टूल्स

वाचणाऱ्या टूलमध्ये झालेली चूक दुरुस्त करता येते. परतावा देणाऱ्या, ईमेल पाठवणाऱ्या किंवा नोंद पुसणाऱ्या टूलमधली चूक बहुधा परत घेता येत नाही. अशा टूलच्या वर्णनात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. कृती केल्यावर नेमके काय बदलते. ते परत फिरवता येते का. आणि तीच विनंती दोनदा गेली तर काय होते. तिसरी गोष्ट अनेकदा राहून जाते. नेटवर्क मध्येच तुटले आणि उत्तर आले नाही, तर मॉडेल साहजिकच पुन्हा प्रयत्न करते, आणि टूल दुसऱ्या विनंतीला नवी विनंती समजत असेल तर ग्राहकाला दोनदा परतावा जातो. ‘उत्तर न आल्यास पुन्हा चालवण्यापूर्वी “परतावा_स्थिती”ने तपासावे’ हे वाक्य येथे फार उपयोगाचे आहे. एमसीपीच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत टूलला काही खुणा जोडण्याची सोय झाली; टूल फक्त वाचते का, काही नष्ट करते का, पुन्हा चालवले तर वेगळा परिणाम होतो का, हे त्यांतून सांगता येते. परंतु त्या मापदंडातच स्पष्ट केले आहे की या खुणा म्हणजे केवळ सूचना आहेत आणि टूल पुरवणाऱ्या ज्या सर्व्हरवर विश्वास नाही त्याच्या खुणांवर विसंबू नये.

हीच मर्यादा वर्णनालाही आहे आणि ती विसरणे धोक्याचे आहे. ‘व्यवस्थापकाच्या परवानगीशिवाय वापरू नये’ असे वर्णनात लिहिले म्हणून परवानगीची व्यवस्था झाली असे होत नाही. मॉडेल ते बहुतेक वेळा पाळेल, पण बहुतेक वेळा हे पुरेसे नाही. परवानगी कोडनेच तपासली पाहिजे आणि तिच्याविना आलेली विनंती कोडनेच नाकारली पाहिजे.

दुसऱ्याने लिहिलेले टूल जोडताना याची उलट बाजू दिसते. मॉडेल वर्णन वाचते आणि त्यात सांगितल्याप्रमाणे वागू पाहते, त्यामुळे दुष्ट हेतूने लिहिलेले वर्णन हेच हल्ल्याचे साधन होऊ शकते. एप्रिल २०२५ मध्ये सुरक्षा-संशोधकांनी याचे प्रात्यक्षिक दाखवले आणि त्या प्रकाराला ‘टूल पॉयझनिंग’ असे नाव मिळाले : वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या टूलच्या वर्णनात, वापरकर्त्याच्या खाजगी फाइल्स वाचून त्या पॅरामीटरमधून बाहेर पाठवाव्यात अशी सूचना लपवलेली असते. वापरकर्त्याला पडद्यावर टूलचे नाव आणि एखादी ओळच दिसते, मॉडेलला मात्र संपूर्ण मजकूर दिसतो. म्हणून बाहेरचे टूल घेताना त्याचे वर्णन शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावे, आणि ते नंतर बदलले तर ते पुन्हा वाचल्याशिवाय वापरले जाणार नाही अशी व्यवस्था करावी.

वर्णन चांगले आहे हे कसे ओळखावे

वाचून छान वाटणे हा पुरावा नव्हे. खऱ्या वापरात येतील अशी कामे गोळा करावीत, प्रत्येक कामासाठी अपेक्षित परिणाम आधी लिहून ठेवावा, आणि वर्णनात बदल केला की ती सगळी कामे पुन्हा चालवून पाहावीत. मॉडेलचे उत्तर प्रत्येक वेळी सारखे नसल्यामुळे एकेक काम अनेकदा चालवावे लागते. या संग्रहात ज्यांना कोणतेही टूल लागत नाही अशी कामे आवर्जून असावीत, कारण गरज नसताना टूल चालवणे ही चूक फक्त तिथेच पकडली जाते. चूक दिसली की ती कोणत्या जातीची आहे हे वेगळे करावे : चुकीचे टूल निवडले गेले असेल तर सीमा पुसट आहे, टूल बरोबर पण मूल्य चुकले असेल तर पॅरामीटरचे वर्णन अपुरे आहे, आणि दोन्ही बरोबर असून अंतिम उत्तर चुकले असेल तर निकालाचा मजकूर पाहायला हवा.

केवळ अंतिम उत्तरे पाहून सगळे कळत नाही. टूलला प्रत्यक्षात काय पाठवले गेले हे लॉगमध्ये वाचावे लागते. अँथ्रॉपिकने सप्टेंबर २०२५ मध्ये असेच एक उदाहरण प्रसिद्ध केले. वेबवर शोध घेणारे टूल वापरताना क्लॉड हे त्यांचे मॉडेल शोधाच्या शब्दांना विनाकारण ‘२०२५’ जोडत होते आणि त्यामुळे निकाल एका बाजूला झुकत होते. टूलचे वर्णन सुधारल्यावर ते वळणावर आले. अशी चूक वापरकर्त्याच्या तक्रारीतून क्वचितच समोर येते, कारण उत्तर सपशेल चुकीचे नसते, ते केवळ मिळू शकले असते त्याहून कमी प्रतीचे असते.

मॉडेलची नवी आवृत्ती आली की हा सगळा संग्रह पुन्हा चालवावा लागतो. जुन्या मॉडेलच्या एखाद्या खोडीवर उपाय म्हणून घातलेले वाक्य नव्या मॉडेलला आडवाटेला नेऊ शकते, आणि अशी वाक्ये कोणी काढत नसल्यामुळे वर्णने वर्षागणिक फुगत जातात. ते टाळण्यासाठी प्रत्येक जादा वाक्य कोणत्या चुकीमुळे घातले याची नोंद कोडशेजारी ठेवावी. मॉडेल बदलले की त्यांतले एकेक वाक्य काढून चाचणी चालवावी. चूक परत आली तर ते वाक्य पुन्हा ठेवावे, आणि नाही आली तर ते आणि त्याची नोंद दोन्ही पुसून टाकावीत.